मामांचं चोवीस गावांचं घड्याळ, आणि त्यात मुंबईच नाही!

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. घड्याळांतलं मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

माझे मामा बोटीवर होते, वायरलेसवर. 1969 ला लागले आणि वीसेक वर्षं फिरले. गेल्या वर्षी गेले. परवा दाभोळला गेले होते, तेव्हा मामीने शिवणाच्या डब्यातून त्यांचं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "तुझ्या लेकाला जुन्या वस्तूंचं वेड आहे ना, ने."

फोटो चढत नाहीयेत, शब्दांत सांगते. स्टीलचं आहे, रोजच्या घड्याळापेक्षा जरा थोराड. काळी तबकडी, आकडे पिवळट पडलेले. वर कंपनीचं नाव होतं, ते घासून गेलंय. खाली सहाच्या आकड्याशी बारीक अक्षरात 'टी स्विस मेड टी' आणि मधे '17 ज्वेल्स'. काचेभोवती एक फिरणारं कडं आहे आणि गंमत सगळी त्या कड्यावर आहे. त्याचे बारा खण आहेत, प्रत्येक खणात दोन गावांची नावं एकाखाली एक. लंडन, पॅरिस, कैरो असं सुरू होतं. कराचीखाली डेन्व्हर, ढाक्याखाली शिकागो. चोवीस गावं मोजली. मुंबई नाही, दिल्ली नाही, कलकत्ता नाही. हिंदुस्थानच नाही म्हणा ना!

कराची आणि ढाक्याच्या मधल्या रेघेवर लाल रंगाचा एक ठिपका आहे, मोहरीएवढा. घासला, निघाला नाही.

चावी दिली की चालतं, पण आठ-नऊ तासांनी थांबतं. मामी म्हणते ते आयुष्यभर चुकीचीच वेळ दाखवायचं. तिने दोनदा दुरुस्तीला टाकलं होतं. दुरुस्त करून आणलं की मामा दोन दिवसांत काटे फिरवून पुन्हा बिघडवून ठेवायचे.

माझे प्रश्न: 1) ही गावं कशासाठी? 2) आपलं एकही गाव का नाही? 3) दुरुस्तीला कुठे टाकू? 4) तो ठिपका कशाने निघेल?

पावणेबारा

आयुष्यभर चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ आमच्याकडेही आहे. हॉलमध्ये लावलंय. सासऱ्यांनी दिलेलं असल्यामुळे काढता येत नाही.

किल्लीदार

ताई, आधी एक विनंती. ठिपक्याला, काचेला, तबकडीला कशालाही हात लावू नका. ब्रासो, टूथपेस्ट, काहीही नको.

आता गावांबद्दल. ही 'वर्ल्ड टाइम' जातीची घड्याळं. त्यांत दोन घराणी आहेत, श्रीमंत आणि गरीब. तुमचं गरीब घराण्यातलं आहे, राग मानू नका, माझ्याकडेही तसलीच आहेत.

श्रीमंत घराण्याचा मूळपुरुष लुई कोतिए. जिनिव्हाला लागून कारूज म्हणून गाव आहे, तिथला घड्याळजी. 1931 मध्ये त्याने ही यंत्रणा जमवली. मधे नेहमीचे दोन काटे, तुमच्या गावची वेळ दाखवणारे. त्यांच्याभोवती 24 आकड्यांची एक चकती, ती काट्यांच्या उलट दिशेने दिवसातून एकदा फिरते. तिच्या बाहेर गावांच्या नावांचं कडं. आपलं गाव बाराच्या आकड्यासमोर आणून ठेवायचं, की झालं. ज्या गावासमोर चकतीवरचा जो आकडा, तिथे तेवढे वाजले. सगळ्या जगातले तास एका नजरेत आणि हात लावायची गरज नाही. चकतीचा अर्धा भाग काळा, अर्धा पांढरा असतो, म्हणजे तिथे रात्र आहे का दिवस तेही कळतं. साध्या यंत्रावर थोडीशी जास्तीची दातेरी चाकं बसवून त्याने हे साधलं. मला विचाराल तर घड्याळजींच्या धंद्यात यापेक्षा देखणी युक्ती नाही.

व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन, पाटेक फिलिप, रोलेक्स अशा बड्यांना तो हे करून द्यायचा. पाटेकचं 1415 नंबरचं मॉडेल 1939 चं. त्यातलं एक प्लॅटिनमचं 2002 मध्ये लिलावात 66 लाख स्विस फ्रँकला गेलं. पुढचं 2523 हे 1953 चं, त्याला दोन किल्ल्या. एक नेहमीची आणि दुसरी गावांचं कडं फिरवायला. काहींच्या तबकडीवर मधोमध मिन्यात जगाचा नकाशा काढलेला असतो. निळ्या मिन्याचं एक 2019 मध्ये हाँगकाँगला विकलं गेलं, 7 कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर. आपण फोटो बघायचे आणि चहा प्यायचा.

मधल्या वर्गातही मजा होती. टिसोला 1953 मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा त्यांनी नॅव्हिगेटर काढलं, 24 गावांचं. त्याच वर्षी ग्लायसिनचं एअरमन आलं, त्यात तासकाटा दिवसातून एकच फेरी मारतो. रोलेक्सचं जीएमटी मास्टर पॅन अ‍ॅम या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी निघालं, त्याला चौथा काटा. सेकोने 1964 च्या तोक्यो ऑलिंपिकच्या सुमारास वर्ल्ड टाइम काढलं, आजही परवडण्यासारखं तेवढं एकच.

आणि गरीब घराणं म्हणजे तुमचं. आत काहीही जादा नाही. नेहमीचंच मशीन आणि वरून एक फिरतं कडं. ज्या गावची वेळ घड्याळात लावली असेल ते गाव तासकाट्यासमोर आणायचं, बाकीची गावं आपोआप आपापल्या तासावर येतात. तास सरला की कडं पुन्हा फिरवायचं. बारा खणांत चोवीस गावं बसवायची म्हणून बारा तासांचा फरक असलेली गावं एकाच खणात. कराची आणि डेन्व्हर एकत्र का, ते आता कळलं असेल.

गिरणगावकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, माझा आवडता विषय आहे.

मुंबई नाही कारण आपण 'साडे'वाले, लंडनच्या ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. कोतिएचं असो वा तुमचं, अशा घड्याळात मिनिटकाटा एकच असतो. म्हणजे जगात सगळीकडे मिनिटं सारखीच आणि बदलतो तो फक्त तास, असं गृहीत धरलेलं. साडेपाचला त्यात जागाच नाही. कित्येक कंपन्यांनी 'बॉम्बे' नाहीतर 'कॅल्कटा' जवळच्या पूर्ण तासावर ढकलून दिलं. तुमच्या कंपनीने तो खोटेपणा न करता आपल्याला गाळलं, त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचे. कराची-ढाक्याला जागा मिळाली कारण पाकिस्तानने 1951 मध्ये पश्चिमेला 5 आणि पूर्वेला 6 असे पूर्ण तास घेतले. आपण दोघांच्या बरोब्बर मधे. ताईंच्या ठिपक्याची जागा बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल!

पण मुंबईचं दुखणं साडेपाचपेक्षाही जुनं आहे. मुंबईचं रेखांश 72.8 अंश. एका अंशाला चार मिनिटं धरली तर ग्रिनिचच्या पुढे 4 तास 51 मिनिटं. हाच बॉम्बे टाइम. 1884 ला वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिच हे शून्य रेखावृत्त ठरलं आणि हळूहळू जगाचे तास पाडले गेले. आपल्याकडे 1 जानेवारी 1906 पासून 82.5 अंशाची, म्हणजे साडेपाच तासांची वेळ लागू झाली. मुंबईने ती सरळ नाकारली. वेळ 39 मिनिटांनी पुढे, म्हणजे गिरणीत 39 मिनिटं आधी, अंधारात हजर व्हायचं. कामगारांनी विरोध केला, महापालिकेनेही जुनीच वेळ धरून ठेवली. परिणाम असा, की रेल्वेचं घड्याळ एक सांगतंय आणि शहराचं दुसरं. पाच-दहा नाही, तब्बल 1955 पर्यंत! कलकत्त्याचं स्वतःचं 5 तास 54 मिनिटं होतं, त्यांनी 1948 ला सोडलं. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावरही मुंबई आठ वर्षं आपल्याच वेळेवर होती. माझी आजी "मुंबई टायम का स्टँडर्ड?" असं विचारायची म्हणे, वडील सांगतात.

तेव्हा 1939 च्या पाटेकवर 'बॉम्बे' लिहिलेलं दिसलं, तरी तो मालक गिरगावात उतरला असता तर घड्याळ बघून गाडी चुकलीच असती.

किल्लीदार

गिरणगावकर, सुंदर. यात भर घालतो. अशा घड्याळावरची गावं वाचून त्याचं वय काढता येतं. 1930 च्या दशकातल्या तबकड्यांवर लंडन आणि पॅरिस एकाच तासावर दिसतात, कारण फ्रान्स तेव्हा ग्रिनिचच्याच वेळेवर होता. 1940 ला जर्मन आले आणि पॅरिस तासभर पुढे सरकलं, ते आजतागायत तिथेच. सिंगापूर 1981 संपेपर्यंत साडेसातवर होतं, म्हणजे आपल्याच पंगतीतलं. ताई, ढाक्याचं इंग्रजी स्पेलिंग काय आहे? दोन 'सी' असतील तर 1982 च्या आधीचं.

खाडीकाठची

दोन सीच आहेत!!

काल एका घड्याळवाल्याकडे जाऊन आले. कुठला ते लिहीत नाही. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, डायल गेलाय. 800 रुपयांत एकदम नवा करून देतो. निळा करू का नारिंगी? हे लाल डाग पण घालवतो, कडं बफ करून चकचकीत." मी जवळजवळ हो म्हणाले होते. तेवढ्यात लेकाने दंड धरून बाहेर ओढलं. म्हणाला आधी धाग्यावर विचार.

किल्लीदार

लेकाला माझ्याकडून एक वडापाव.

त्या माणसाने जे सांगितलं त्याला आमच्या जगात नाव आहे: 'मुंबई स्पेशल'. हो, आपल्याच शहराचं नाव, आणि ते कौतुकाने घेतलं जात नाही. जुनी एचएमटी, सेको, फावर-लूबा घ्यायची, तबकडी खरवडून पुन्हा रंगवायची, भडक निळा, पोपटी, नारिंगी. वर कंपनीचं नाव छापायचं, ते थोडं वाकडं. मग परदेशात ऑनलाइन विकायचं. भिंगाखाली धरलं की लगेच कळतं. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, सेकंदकाटा तिसऱ्याच घड्याळाचा. वाईट याचं वाटतं, की फावर-लूबाचं दुकान मुंबईत 1865 पासून होतं. चांगल्या स्विस घड्याळांचा एवढा जुना बाजार असलेलं शहर, आणि जगभरचे शौकीन त्याचं नाव शिवीसारखं वापरतात.

शिवाय तबकडी खरवडणं तब्येतीलाही बरं नाही. जुन्या घड्याळांतले अंधारात चमकणारे आकडे रेडियमने रंगवलेले असत. चमक केव्हाच जाते, कारण त्यातली चमकणारी पूड जळून जाते. रेडियम मात्र तसंच राहतं, त्याचं अर्धायुष्य 1600 वर्षांचं. जीएमटी मास्टरचं पहिलं बॅकेलाइटचं कडं रोलेक्सला याच किरणोत्सर्गाच्या भानगडीत बदलून द्यावं लागलं. तुमच्या घड्याळावर 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना 'टी' आहे, म्हणजे ट्रिटियम. ते सौम्य, अर्धायुष्य 12 वर्षांचं, आणि घड्याळ 1960 च्या दशकातलं किंवा त्यानंतरचं. मामांच्या नोकरीशी जुळतं.

करायचं एवढंच: मागचं झाकण उघडून मशीन साफ, ऑइलिंग, गरज असेल तर मेन स्प्रिंग. तबकडी, काटे, कडं जसंच्या तसं. घड्याळजीला हे आधी बजावून सांगा, कागदावर लिहून द्या. किंमत विचारलीत तर बाजारात फार नाही येणार. नाव पुसलेलं स्विस घड्याळ, त्याला कोण विचारतो.

लीड्सकर

अवांतर. मी इथे बारा वर्षं आहे, घरी फोन करायला म्हणून हौसेने असलंच एक जुनं घेतलं. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे करतात, मग कड्यावरचं 'लंडन' सात महिने खोटं बोलतं. मनातल्या मनात एक वजा करायचा, मग साडेपाच मिळवायचे, मग आई झोपली असेल का ते ठरवायचं. शेवटी डिजिटल कॅसिओ घेतलं. त्यात 'डीईएल' अशी दिल्ली आहे आणि साडेपाच बरोबर दाखवते. दिसायला दरिद्री, पण आपल्याला जागा दिली बिचाऱ्याने.

पावणेबारा

नेपाळवाल्यांचा विचार करा. 1986 पासून पावणेसहा. माझं सदस्यनाम त्यांनाच अर्पण.

मार्कोनीसाब

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण हा धागा वाचून राहवलं नाही. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

मीही वायरलेसवरच होतो. रेडिओ ऑफिसर. जहाजावर सगळे आम्हाला मार्कोनीसाब म्हणत. ताई, तुमच्या मामांचं घड्याळ चुकीचं नव्हतं. मामींना विचारा, ते नेमकं किती मागे असायचं. साडेपाच तास मागे, असं सांगितलं तर पुढचं वाचा.

जहाजाची वेळ बदलत राहते. मुंबईहून पश्चिमेला निघालं की दर थोड्या दिवसांनी रात्री घड्याळं मागे करायची, येताना पुढे. जेवण, पाळ्या सगळं त्या वेळेवर. पण रेडिओचा लॉग, म्हणजे नोंदवही, जीएमटीतच, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेतच लिहायचा, मग जहाज एडनला असो नाहीतर योकोहामाला. किनाऱ्यावरची स्टेशनं, कुठल्या जहाजांसाठी निरोप आहेत ती यादी ठरलेल्या जीएमटीला पुकारत, हवामान त्याच वेळेला, टाइम सिग्नलही त्याच वेळेला. तो ऐकून आम्ही ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात तिथे, कळवायचो, मग तिथे क्रोनोमीटरची, म्हणजे जहाजाच्या मुख्य घड्याळाची चूक काढत. मिनिटाची चूक झाली तर नकाशावर जहाज 15 सागरी मैल सरकतं, विषुववृत्तावर.

रेडिओरूमच्या भिंतीवरचं घड्याळ तुम्ही पाहिलं असतंत तर आवडलं असतं. तबकडीवर 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत लाल पट्टे. त्या तीन मिनिटांत 500 किलोहर्ट्झवर कुणीही मोर्सची की दाबायची नाही. जगातल्या सगळ्या जहाजांनी गप्प बसून ऐकायचं, कुणी बुडत असेल तर त्याचा क्षीण आवाज कानावर यावा म्हणून. 00 ते 03 आणि 30 ते 33 हिरवे पट्टे, ते बोलण्याच्या 2182 किलोहर्ट्झसाठी. बंगालच्या उपसागरात रात्री पावणेतीनला सगळा खडखडाट एकदम थांबायचा. कानात नुसती खरखर. त्या शांततेची अशी सवय होते, की घरी आल्यावरही पाऊण वाजला की माणूस बोलता बोलता थांबतो. बायको विचारायची, काय झालं?

तर मनगटावरचं घड्याळही आम्ही बरेच जण जीएमटीलाच ठेवायचो, रजेवरसुद्धा. सुटायची नाही सवय.

आता ठिपका. घड्याळ जीएमटीला, म्हणजे लंडन तासकाट्यासमोर आणा. समजा चार वाजून वीस झालेत. कराची नऊ-वीसच्या जागी येईल, ढाका दहा-वीसच्या. ठिपका दोहोंच्या मधे, नऊ-पन्नासवर. दाभोळला तेव्हा दहाला दहा कमी असणार. कंपनीने जे गाव छापलं नाही, ते मामांनी स्वतः घातलंय.

कृपा करून तो पुसू नका.

गिरणगावकर

ठिपक्याची जागा मी गंमत म्हणून दाखवली होती. काका, नमस्कार घ्या.

लीड्सकर

🙏

खाडीकाठची

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण मामीशी फोनवर बोलत होते. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे एक गोष्ट तीनदा.

किती मागे असायचं विचारलं तर पटकन म्हणाली, "साडेपाच तास. सकाळी मी आठची पेज वाढायची तेव्हा ह्यांच्या हातावर अडीच!" मग मी ठिपक्याचं विचारलं. आधी कळेना. मग म्हणाली, "लाल? ती माझी नखं रंगवायची बाटली. लग्नात कुणी मुंबईवाल्याने दिलेली. मी कसली लावत्ये, सासूबाई होत्या. हे पहिल्याच खेपेला घेऊन गेले. मला वाटलं रेडिओच्या बटणाला लावायची असेल." मी तिला कराची, ढाका, दाभोळ सगळं समजावून सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगायचं होतं की मग. दोनदा दुरुस्तीचे पैसे मी दिले."

घड्याळ दादरला एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे टाकलंय. किल्लीदारांनी सांगितलं तसं कागदावर लिहून दिलं: तबकडी नको, पॉलिश नको, लाल ठिपक्याला हात नको. त्यांनी तो कागद वाचला, घडी करून घड्याळासोबत डबीत ठेवला. म्हणाले तेल वाळलंय, बाकी मशीन खणखणीत आहे. परवा मिळेल. आल्यावर वेळ कुठली लावायची यावरून घरात दोन तट आहेत. लेक म्हणतो जीएमटी.

किल्लीदार

लेक बरोबर आहे. आणि "कोण विचारतो" हे माझं वाक्य मागे घेतो.

पावणेबारा

मार्कोनीकाका, लाल-हिरव्या पट्ट्यांच्या त्या घड्याळावर वेगळा धागा काढाच. इथे प्रतिसादांत हरवून जाईल.

मार्कोनीसाब

काढतो. आठवडा लागेल. मोर्समध्ये पाठवायचं असतं तर आत्ताच झालं असतं.